पागुमे तीन

बाहिर दारच्या दवाखान्यात, ताना सरोवराकडच्या खिडकीशी
वर्किनेश नोंदी भरते.
तिच्या मनगटावरचं घड्याळ माझ्यापेक्षा सहा तास वेगळं
आणि तरीही बरोबर:
उजाडल्यावर मोजायला लागायचं, एवढा साधा हिशोब.

गेल्या आठवड्यात माझ्या प्रोग्रामने छापलं, लस, ९:००.
बाया आल्या नऊला.
म्हणजे ऊन कलताना, पाठीवर पोरं बांधून.
लसीची पेटी तोवर परत गेलेली.
कोणी भांडलं नाही. तेच जास्त लागलं.

तास मी दुरुस्त केले.
आत एकच आकडा ठेवायचा, सेकंदांचा,
कुठल्याच गावचा नसलेला,
आणि दारात आला की त्याला त्या दारची बोली द्यायची.
लोकेल म्हणजे एवढंच, मी वर्किनेशला सांगत होतो,
जरा ऐटीत,
तेवढ्यात एनातनेश आली, कडेवर मुलगी.

"जन्म?"
"पागुमे तीन."
वर्किनेश महिन्यांच्या यादीत उतरत गेली,
उतरत गेली,
नेहासेपाशी यादी संपली.
लाल अक्षरं उमटली: अशी तारीख नाही.

बारावर यादी मीच थांबवली होती.
दुसऱ्या खंडात, एका रात्री, हीटरला पाय लावून.

आमच्याकडे तेरावा महिना म्हणीत राहतो,
दुष्काळाच्या पंगतीला आलेला आगंतुक.
इथे तो पावसाळा सरताना येतो,
पाच दिवसांचा, कधी सहा.
त्याच्या तिसऱ्या दिवशी पडेल ते पाणी पवित्र,
म्हणून पोरं उघडीच अंगणात धावतात.
मग माळभर पिवळी फुलं, आणि नवं वर्ष.

"सप्टेंबर आठ लिहा," मी म्हणालो.
एनातनेशने माझ्याकडे पाहिलं,
चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं.
"सप्टेंबरात कुठे? पागुमेत झाली ती.
पाऊस पडत होता."

रात्री हॉटेलात यादीत एक ओळ वाढवली.
सतरा चाचण्या मोडल्या.
कुठे कोणी वर्षाला बाराने भागलेलं,
कुठे वय, कुठे औषधाचा डोस,
एक तर माझ्याच हातचं, वर शेरा: हे कधीच होणार नाही.
शेरा आधी खोडला.

सकाळी दोन वाजता, वर्किनेशच्या दोनला,
कार्ड छापून निघालं, कोमट.
एनातनेशने ते मुलीपुढे धरलं.
मुलीने कोपरा तोंडात घातला.
तीनचा आकडा भिजला.