दहा गाणी, एकवीस मिनिटं

ओकटी, रेंडू, मूडू,
नालुगु म्हणायच्या आतच
रेवणसिद्धानं ड्रम फोडायला घेतला
आणि मौलालीचाचा मागं राहिले.
ते तसंच ठेवलंय रेकॉर्डवर.
ऐका, अकराव्या सेकंदाला
एक म्हातारा सुटलेली एस्टी पकडतो
सॅक्सोफोनसकट.

शेड अशोक चौकामागची, श्रीनिवास यन्नमच्या मामाची.
आठ माग, सुट्टी म्हणून गप्प.
बाहेर बेचाळीस डिग्री, आतलं मोजलं नाही.
भिंतींना सेकंडच्या चादरी ठोकल्या,
ज्यांच्यात मोराला तिसरा पाय फुटलाय,
म्हणजे आवाज बाहेर जायला नको.
गेलाच.
समोरच्या गिरणीतला पिठानं पांढरा माणूस दारात आला,
काय करलालाव बे?
रेकॉर्ड, श्रीनिवास म्हणाला.
कुणाचं लग्न?

चाचांनी चाळीस वर्षं वरातीपुढं वाजवलंय.
लाल कोट, एका खांद्याची झालर उसवलेली,
सॅक्सच्या खालच्या दोन झडपांना रबरबँड.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,
राग कुठला?
आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं.
पद्मजा म्हणाली, येलालाय तोच.
चाचांनी मान हलवली,
हा तर त्यांना लहानपणापासून पाठ.

तिसरं गाणं ‘छाट’.
आईनं हजार बिड्या वळल्या,
कारखान्यानं दीडशे बाजूला फेकल्या.
पद्मजा गात नाही यात, नुसती मोजते,
मोजता मोजता तिचा आवाज फाटतो
आणि फाटला तिथं सॅक्स घुसतो, शिवायला नाही,
अजून फाडायला.

सहाव्याला लाईट गेली.
गिटार मेली, बेस मेला, पंखा मेला,
मोबाईल तेवढा चालू, रेकॉर्डिंग करत.
थांबा, मी म्हणालो.
माझं ते ‘थांबा’ पण रेकॉर्डवर आहे, कुणी ऐकलं नाही.
अंधारात ड्रम आणि चाचा.
पुढं नाचणारं कुणी नाही,
मागं घोडं नाही,
डोक्यावरून नोट ओवाळून फर्माईश सांगणारा दाजी नाही.
सूर असा सुटला
की मागातला धोटा निसटून भिंतीला लागावा.
मध्येच तूस गेलं घशात, खोकले.
रेवणसिद्धानं खोकल्यावर झांज मारली.
पुन्हा खोकले, आता मुद्दाम.

लाईट आली
आणि पाच नंबरचा माग आपोआप सुरू झाला,
बटण कुणीतरी तसंच सोडलेलं.
ताणा नाही, बाणा नाही,
रिकामाच खटाखटा खटाखटा
आमच्यापेक्षा दीडपट वेगात.
आम्ही त्याला गाठायचा प्रयत्न करतोय,
हे सातवं गाणं.
गाठला नाही.

पन्नास सीड्या काढल्या.
कव्हर जकार्डच्या जुन्या पंचकार्डांचं कापलं,
उजेडात धरलं की भोकांतून
कुणाच्या तरी चादरीचं अर्धं फूल दिसतं.
वाजवणाऱ्यांच्या नावांत चौथं नाव : माग क्र. ५.
मामा बोलत नाहीत अजून.
एकोणीस खपल्या, त्यातल्या चार माझ्या मावशीनं घेतल्या.

चाचांना एक दिली. घरी लावायला काही नाही,
कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिली त्यांनी.

परवा साखर पेठेत वरात अडकलेली दिसली.
दोन फर्माईशींच्या मध्ये
चाचांनी ते सहाव्यातलं वाजवलं, खोकल्यासकट.
घोडं बिचकलं.
नवऱ्यानं मुंडावळ्या बाजूला सारून बघितलं.
ताशावाला थांबला, सगळेच थांबले,
आणि जनरेटरची गाडी ढकलणारं एक पोरगं
मागनं ओरडलं,
परत की बे!