बाईजचा रकाना

इन्स्टिट्यूटच्या रद्दीत सापडली ही स्कोअरची वही.
पुठ्ठा वाळवीने खाल्लेला,
आत १९११ चा हिवाळा, भुसावळ.
यष्टिरक्षकाच्या जागी तीन सामने एकच माणूस,
तीन वेगळ्या स्पेलिंगांत.
तिन्ही चुकीची.

उखर्डू सपकाळे.
आधीची चार गेली, म्हणून
आईने जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवला
आणि परत उचलला.
पहिला झेल तिचाच म्हणायचा.

लोकोशेडमध्ये तो विटा झेलायचा.
इंजिनाच्या भट्टीतून उकरलेल्या, अजून कोमट;
वरून टाकणारा खाली बघायचासुद्धा नाही.
साहेबांचा कीपर हिवतापाने पडला
तेव्हा फोरमनला ते हात आठवले.
मोजे मिळाले ते आजाऱ्याचेच, मोठे,
त्याने त्यांत जिनातला कापूस कोंबला,
सरकीसकट.

स्टंपांमागे बसायचा उकिडवा,
बिडी ओढायला बसावं तसा.
चेंडू हातात यायचा तो आवाज न करता,
म्हातारं मांजर ओट्यावरून उतरावं तसा.

चहाला सगळे तंबूत.
हा लिंबाखाली, फडक्यातली कळण्याची भाकर,
मोजे उन्हात वाळत.
कुणीतरी विचारलं, लागतं का रे?
"इट बरी, भो," म्हणे, "इट सांगीसन येते."

तिसरा सामना इगतपुरीशी.
आपलाच गोलंदाज, ड्रायव्हरचा पोरगा, वारं प्यायलेला.
बॅटची कड, आणि
उजव्या हाताची करंगळी अन् तिच्या शेजारचं,
दोन्ही एकदम.
चेंडू सोडला नाही त्याने.
पंचांनी बोट वर केलं.
त्याचं खाली लोंबत होतं.

पुढच्या पानांवर नाव नाही.
वाकड्या पंजाला शेडमध्ये विटा कोण देणार?
कुणी सांगतं, तापीच्या पात्रात डांगरवाडीवर होता,
गाडीत टरबुजं भरताना खाली उभा राहायचा,
एकही फुटू द्यायचा नाही.
ऐकीव आहे. माझी त्यावर सही नाही.

मी तीस वर्षं स्कोअर लिहिला.
फलंदाजाची धाव लिहिली, गोलंदाजाचा बळी लिहिला;
जे मागे गेलंच नाही
ते लिहायला रकाना नसतो.
बाईजचा असतो तेवढा.

पहिल्या सामन्यात तो कोरा.
दुसऱ्यातही.
तिसऱ्यात अकरा, एका ओळीत, दाटीवाटीने,
सगळे तो मैदानाबाहेर गेल्यानंतरचे,
हे मात्र मी पैजेवर सांगतो.

कोऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं.
लिहिणाऱ्याने पेन्सिल टेकवून
वाट पाहिली असावी बराच वेळ.
कागदाला तिथे बारीकसा खळगा आहे.