तिसरी फळी

हाप्सालूचं बंदर गोठलं की एंडेलची जहाजं निघतात,
खिडकीजवळच्या टेबलावर,
वीतभराहून लांब एकही नाही.

पंचेचाळीस वर्षं मी कुरकुरले
त्या सरसाच्या वासाबद्दल.
पण चष्म्याची बिजागरी निखळली,
दुकानदार म्हणाला, नवाच घ्या,
तेव्हा ह्याने शिडाच्या पितळी तारेतून
अर्ध्या मिलिमीटरची खीळ कापली.
आता माझ्या कानशिलापाशी
अपुऱ्या राहिलेल्या गलबताचा तुकडा असतो.

किटलीची मूठ अक्रोडाची झाली.
वॉशिंग मशीनचं बटण, नीट पाहा,
सुकाणूचं चाक आहे.
शेजारच्या हिल्याच्या भिंतीवरल्या घड्याळात
मिनिटकाटा म्हणून एक वल्हं फिरतं,
आणि ती उशिरा आली की त्यालाच दोष देते.

सत्तराव्या वाढदिवसाला त्याने खोकं पुढे सरकवलं.
आत माझ्या वडिलांची होडी.
तिसरी फळी बाकीच्यांहून फिकट:
सत्तावनच्या वादळानंतर
त्यांनी खुराड्याचं दार कापून बसवलेली.
हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं,
लग्नाआधी, नाचाच्या रात्री, अकॉर्डियनच्या गोंगाटात.
मला वाटलं होतं, ऐकू गेलं नसेल.

होडीत वल्हं एकच.
"दुसरं?"
"तूच म्हणालीस ना, सापडलं नाही म्हणून."

मागचं दार मात्र अजून करकरतं.
तेलाची कुपी हाताशी, बारीक ब्रशही,
तरी तो उठत नाही.
म्हणतो, असू दे,
तू ढकललंस की वेगळं वाजतं.