चालेल

माशांच्या लिलावघराच्या वरच्या मजल्यावर
चौकशी भरली, कारण ओर्ता गावात
एवढ्या खुर्च्यांची दुसरी खोली नव्हती.
खाली बर्फ फोडत होते. फावड्याचा आवाज
साक्षीत मिसळू नये म्हणून मी खिडकी लावली.
वास तरीही आलाच.

अकरा दिवस मी टाइप करत होते.
तपासणी राहून गेली.
इशारा पोहोचला नाही.
निर्णय घेतला गेला.
कुणाकडून राहिली, कुणाच्या टेबलावर अडला,
कुणी घेतला,
हे विचारणं लघुलेखिकेचं काम नाही.
मी फक्त पूर्णविराम देते.

पाणबुडीचं नाव अल्व्होराडा, म्हणजे पहाट.
सतराशे मीटर खाली, जिथे खडकांच्या धुराड्यांतून
काळं पाणी उकळत वर येतं,
तिथे ती माणसं न्यायची,
माणशी एका घराच्या किमतीत.
खिडकी ॲक्रिलिकची, परातीएवढी.
तिच्या कडेवर कोरलं होतं: १००० मी.
कडा पितळी कड्यात बसवली
की आकडा दिसत नाही.

त्या खोलीवर नखाएवढ्या जागेत
अडीच माणसांचं ओझं असतं,
तज्ज्ञांनी समजावलं.
मी माझ्या नखाकडे पाहिलं.
बदामी रंग, एका कोपऱ्यात उडालेला.

मुख्य अभियंता हाल्स्मा म्हणाले,
मंजुरीला दोन वर्षं लागतात
आणि हंगाम असतो मे ते सप्टेंबर.
हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं
की मागे कुणीतरी मान डोलावली.

मग नोंदवही आली.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात झेफेरीनो गुलार्टचं अक्षर,
जन्मभर ट्यूना-बोटींची इंजिनं उघडलेल्या हाताचं:
काचेत केसासारख्या रेघा. सहा. काल चार होत्या.
शेजारी निळ्या शाईत:
पाहिले. चालेल.
खाली सही नाही. बरोबरची खूण.

चालेल.
मीठ कमी पडलं तर म्हणतो आपण.
पाहुणे उशिरा आले, गादी एकच आहे,
चालेल, चालेल.
तळाशी काही चालत नाही.
टिकतं, नाहीतर टिकत नाही.

प्रवासी तिघे. ल्युब्लियानाचे दंतवैद्य नवरा-बायको
आणि एक निवृत्त ग्रंथपाल बाई.
प्रत्येकानं नऊ पानांच्या करारावर
पानापानावर सही केली होती:
धोका समजला, समजला, समजला.
मेलेल्यांच्या सत्तावीस सह्या.
चालक एल्मिरो, तेवीस वर्षांचा,
त्याच्याकडून काही लिहून घेतलंच नव्हतं.
त्याची आई माझ्याकडून अंडी न्यायची.
हल्ली दुसऱ्या रस्त्यानं जाते.

वकिलांनी झेफेरीनोला विचारलं,
तुम्ही इंजिनिअर आहात?
नाही.
मग रेघा धोक्याच्या, हे कशावरून?
काल चार होत्या.

आयुक्त ओताव्हिया ब्रुम यांनी चष्मा काढला.
शेरा लिहिल्यावर पुढे काय केलंत?

त्यानं वेळ घेतला. बर्फाचं फावडं
खाली सात-आठ वेळा वाजलं.
मी काच पुसली, म्हणाला.
मऊ फडक्यानं. सांगितलं होतं तसं.
त्या बाईंनी आतून तळहात टेकवला,
मी बाहेरून तिथेच पुसत होतो.
रेघा पुसल्यानं जात नाहीत,
मला माहीत होतं.

अकरा दिवसांत कुणी 'मी' म्हणालं नव्हतं.
ते अक्षर मी दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून चिठ्ठी आली:
भाषा एकसारखी राहावी म्हणून
'मी काच पुसली' ऐवजी
'काच पुसण्यात आली' असं करावं.

चिठ्ठीला समास होता, दोन बोटांचा.
त्यात लिहिलं: चालणार नाही.
आणि खाली माझं नाव, पूर्ण,
आईच्या आडनावासकट.