तात्पुरतं की कायमचं

डिस्कव्हरी म्हणतात त्याला इथल्या कोर्टात.
मला आधी जहाज दिसलं, शिडं, दुर्बीण.
एफुआ हसली. नाही हो, म्हणाली,
आपण विचारायचं, त्यांनी शपथेवर सांगायचं,
कागद दाखवायचे. बस.

ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर मंगळवारी
वुस्टरच्या लायब्ररीत तळघरात फुकट सल्ला देते.
माझ्या स्वेटरला बुरशीचा वास येतो
हे तिनं कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

सोळा प्रश्न पाठवले आम्ही.
बॉयलर शेवटचा कधी उघडला, कुणी. त्याची पावती.
खालच्या मजल्यावरच्या ल्युल्येताबाईंनी
अकरा जानेवारीच्या रात्री चारदा फोन केला,
तो कुणी उचलला नाही, त्याचं नाव काय.
(त्या रात्री आम्ही दोघं ओव्हनचं दार उघडं टाकून
स्वयंपाकघरात झोपलो होतो, पायमोज्यांवर पायमोजे.)

दहा दिवसांची मुदत. मग आणखी दहा.
वकिलाचं पत्र आलं, अशील प्रवासात आहेत.
मग पत्रही नाही.
मालक म्हणजे माणूस नव्हे, कंपनी.
नावाचा अर्थ लावला तर: उबदार शेगडी.

त्यांनी मात्र मला तेवीस विचारले.
मी नवव्या दिवशी पाठवले सगळे, निळ्या शाईत सही करून.
पगार किती. बँकेत किती. खिडक्या उघडता का.
फोडणीचा धूर होतो का
(भिंत काळी पडली त्यात मोहरीचा हात असावा असा त्यांचा कयास).
प्रश्न चौदा: घरात राहणाऱ्या सर्वांची नावं.
कुणी सोडून गेलं असल्यास तारीख,
आणि तात्पुरतं की कायमचं.

श्रीनिवास मार्चमध्ये टेक्सासला गेला, कामाचं बघतो म्हणून.
छत्री नेली. जाड कोट खुंटीला ठेवून गेला.
याचा काय अर्थ लावायचा?
मी त्याला कधी विचारलं नाही.
सात महिने आम्ही फोनवर हवामान बोलतोय,
गाडीचा इन्शुरन्स.
एफुआ पेन धरून थांबली होती.
रिकामं ठेवता येत नाही, म्हणाली, खाली शपथ आहे.

कायमचं, मी म्हणाले.
तिनं लिहिलं.
त्याच्या आधी ते शेगडीवाल्यांच्या वकिलाकडे
कुणा टायपिस्टला कळलं असेल.

आता अर्ज केलाय, त्यांना उत्तर द्यायला भाग पाडा म्हणून.
बावीस तारीख मिळाली. जज्ज पंधरा मिनिटं देतात.
पुन्हा मुदतच देतील, एफुआ म्हणते, पण चिडून देतील.
तेवढं पुष्कळ.

सतरावाही होता खरं तर. माझा मीच लिहिलेला.
तिनं खोडला. कंपनी कुठं राहत नाही, म्हणाली,
हरकत घेतील:

तुम्ही राहता त्या घरात
सकाळी खिडकीची काच आतून भिजलेली असते का,
आणि ती कोण पुसतं.