फळी

आधीच सांगून ठेवते: एकूण तीनशे दहा पावलं,
दोन नाल्या, एक गतिरोधक,
आणि गुरुद्वाऱ्याच्या मागच्या अंगाला संडास,
ज्याचं दार रुंद आहे. फीत लावून मोजलंय मी.
चित्रं नंतर.

खातीवाला टँकच्या अलीकडची ही पंजाब्यांची गल्ली,
रविवार, सकाळचे सात,
कुणाच्या तरी घरी कांदा परततोय.
तन्मय बुळे चाकांच्या खुर्चीत,
मागे त्याचा भाऊ, त्याला ढकलायची घाई,
आणि तन्मयला ती घाई आवडत नाही.
कॉलेजची एक मुलगी, फोटो काढायला.
आणि शशिकला मुजुमदार, ट्रंक एक्स्चेंजमधून निवृत्त,
जन्मापासून डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही,
पण इंदूरचे निम्मे आवाज नावानिशी पाठ.

पहिली भिंत मी घरून तयारी करून आले होते.
मोहरीचं शेत, म्हटलं, पिवळं,
पिवळं म्हणजे हळद लागलेल्या बोटांसारखं…
"पिवळ्याचं राहू दे," बाई म्हणाल्या,
"शेत लांब किती?"
हात धरून त्यांना टोकापर्यंत नेलं.
अकरा पावलं शेत.
मग खिडकी आली, आणि खिडकीत एक खरी मांजर,
जिचं वर्णन माझ्या कागदावर नव्हतं.

दुसऱ्या भिंतीआधी नाली.
आराखड्यात इथे लोखंडी उतार आहे.
आराखडा माझ्या पिशवीत होता, उतार नव्हता.
रात्रीतून कुणीतरी भंगारात घातला असणार.
भाऊ खुर्ची उचलायला वाकला.
"राहू दे ना भिया," तन्मय म्हणाला,
"मी इथूनच बघतो."
वापरून वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य.
मला त्यावर काही सुचलं नाही,
मी फीत गुंडाळत राहिले.

चौथ्या घरातून सतवंत कौर बाहेर आल्या,
हात कणकेचे, तसेच.
नालीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं,
आत तोंड करून एकच हाक मारली,
आणि दोन नातू एक फळी घेऊन आले:
बाभळीची, कडांना पत्रा ठोकलेली,
मधोमध घासून खोलगट झालेली.
"अपने ट्रक की है.
चालीस साल इसी पे सोयाबीन चढ़ा."
ट्रक विकला गेला तेव्हा
फळी कुणीच मागितली नाही.

फळी थोडी करकरली. तन्मय पलीकडे.

समोर भिंतभर तोच ट्रक,
आणि खिडकीशी सतवंत कौर यांचे यजमान,
लायसन्सवरच्या फोटोवरून काढलेले,
म्हणून चाळीस वर्षं ट्रक हाकूनही
फोटो काढून घेत असल्यासारखे ताठ.
तन्मयनं हात लांब करून टायरला लावला.
"इथला रंग सुटतोय," म्हणाला.
त्याच्या उंचीवरून ते दिसत होतं,
आमच्या नाही.

शशिकलाबाई मात्र भिंतीकडे पाठ करून उभ्या होत्या.
"या गल्लीतून लुधियान्याला कॉल लागायचे, रात्रीचे.
एक बाई होती. लाइन मिळाली की गप्प बसायची.
तीन मिनिटांतलं दीड मिनिट नुसता श्वास.
मला वाटायचं, मध्येच म्हणावं, बोला हो.
नियमात नव्हतं."
मी हिंदीत सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी घडणार.
सतवंत कौर हसल्या:
"मैं नहीं जी, मेरी जेठानी.
मैं तो पूरे तीन मिनट लड़ती थी."

मग चहा आला, त्यात आलं जास्त.
तिसऱ्या भिंतीसमोर सात स्कूटर उभ्या होत्या,
चौथ्या भिंतीपाशी ऊन चढलं.
सहापैकी चारच झाल्या.
पैसे परत करू का, मी विचारलं,
तर शशिकलाबाई म्हणाल्या, "शेताचे अकरा पावलांचे घ्या."

घरी येऊन आराखडा काढला,
लोखंडी उतार खोडला,
आणि समासात लिहिलं:
दुसरी भिंत. फळी चौथ्या घरात.
घंटी बंद आहे, हाक मारावी.