माझ्या नावाची फट

आईच्या तोंडात आम्ही पाच जणं राहत होतो.
वर उजवीकडे तालाय, थोरला म्हणून कोपऱ्यावर.
त्याच्या अलीकडे जुळ्या, फातिमा आणि झुरा,
दोघींनी मिळून एकच घेतला,
त्यांचा स्वभावच वाटून खायचा.
खाली दाढेच्या जागी एर्मेक.
आणि समोर,
सगळ्या नारीनला दिसेल अशी,
सुळ्याच्या जागी मी.

ती हसली की मी आधी माझी जागा बघायचे.
तिथून तिची जीभ मधूनच डोकवायची,
घरात कोण आहे बघायला शेजारीण यावी तशी.
"मूल एक, दात एक," ती म्हणायची, कणीक तिंबताना,
कुणावर दात न धरता,
मीठ संपलंय म्हणावं इतक्या सहज.
ते मी मात्र फेडायचं ठरवलं.
शाळेच्या स्वयंपाकघरातला पहिला पगार
तिच्या ओंजळीत ठेवून म्हटलं, सोन्याचा बसव.
तिनं दोन मेंढ्या घेतल्या.

आता माझा पाचवा महिना.
पुदिन्याच्या वासानं पोट ढवळतं,
म्हणून पेस्ट खिडकीबाहेर, बर्फात.
दिवसभर गालात कुरुत, खारट, आंबट, दगडासारखं,
आणि सकाळी उशीवर गुलाबी ठिपके.
मी उशी उलटी करते.
आरशात एकेका दाताला विचारते,
तू का? की तू?

खिंड उघडली तशी दातांची गाडी आली,
पांढरी, चाकांना चिखल,
आत एक खुर्ची आणि डॉक्टर बुरुल.
आईनं येताना दाताच्या कण्या केल्या,
पोटुशीनं सुई घेऊ नये, यंत्र लावू नये,
आणि तरी आली,
दाराशी रबराच्या बुटांतून पाय काढून बसली.

बुरुलनं आरसा फिरवला.
"बाळ दात खात नाही," ती म्हणाली.
"त्याला हाडं हवीत, ती तुझ्या ताटातून घेईल.
ताटात कमी पडलं तर तुझ्या हाडांतून.
दातातून कुणालाच काही काढून नेता येत नाही.
तुला उलट्यांचं आम्ल लागलंय, हे आंबट लागलंय,
आणि रक्ताला भिऊन घासणं सोडलंयस, ते.
हिरड्या या दिवसांत फुगतातच.
मऊ ब्रश घे. पेस्ट वासाची नको असेल तर बिनवासाची घे.
ओकलीस की लगेच घासू नकोस,
सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भर, अर्धा तास थांब."
सुई चालते, तिनं सांगितलं. हे महिने तर बरेच.
यंत्र सुरू झालं. पोटात एक लाथ.
मी तिथं हात ठेवला. कीड निघाली.

"मग माझे कुणी खाल्ले?"

यंत्र थांबलं.
आईनं दारातूनच विचारलं होतं,
आमच्याकडे न बघता, हातातल्या बुटाकडे बघत.
"थोरला केवढा आहे?" बुरुल म्हणाली.
"बत्तीस."
"तेव्हा ही गाडी येत होती?"
"तेव्हा रस्ताच येत नव्हता."
बुरुलनं हातमोजे काढले, दुसरे घातले.
उत्तर दिलं नाही.
जरा वेळानं आई म्हणाली, वारा सुटलाय.

परत येताना ती पुढे, मी मागे.
मला ओरडावंसं वाटत होतं,
एकोणतीस वर्षं मी तुझ्या तोंडात
न घेतलेल्या दाताचं भाडं भरतेय.
गाल बधिर होता. शब्द लाळेसारखे ओघळले असते.
आणि कुणाला सांगणार?
आपलेच दात, आपलेच ओठ.

रात्री मी चुलीपाशी तांब्या घेऊन बसले.
ती आली. हातात बुरुलनं दिलेला दुसरा ब्रश,
हिरवा, अजून कागदात.
राहिलेल्या दातांवरून फिरवला,
मग थुंकली राखेत, वाकून पाहिलं.
"बघ, माझ्याही येतंय."
"तुलाही दिवस गेले की काय?"
ती इतकी हसली की पदराखालून ऊन सांडावं तसा
कंदिलाचा उजेड तिच्या तोंडात शिरला.

समोर एक फट होती.
नुसती फट.